खंडेनवमीचा पेन ड्राइव्ह

आमच्या वीज नियंत्रण कक्षात खंडेनवमीला संगणकांची पूजा होते. शहराच्या कुठल्या भागाला वीज द्यायची, कुठल्या भागाची बंद करायची, हे ज्या यंत्रांवरून चालतं, त्यांना हळदकुंकू लावायला कोणाची हरकत असणार? फक्त कीबोर्डमध्ये अक्षता सांडल्या की मी ओरडते.

आईची फुप्फुसं थकली आहेत. वारज्याच्या घरी ती ऑक्सिजनच्या मशीनवर असते आणि मशीन विजेवर. जोडीला ठेवलेला सिलिंडर छोटा. वीज गेली की लोकांना पंखा आठवतो, मला आई.

त्या वर्षी पूजा मांडून झाली आणि साहेबांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्यात आरती होती. मुख्य संगणकाला तो लावायला त्यांनी हात पुढे केला, तर सुरक्षा अधिकारी मॅडम आडव्या आल्या.

"अहो, देवाची आरती आहे!" साहेब म्हणाले.

"देवाची हरकत नसेल. कायद्याची आहे."

आमचे संगणक सरकारने कायद्याने संरक्षित ठरवलेत. त्यांना बाहेरचं काही जोडायचं नाही, आणि जोडणारा कितीही मोठा असो, त्याला अडवायचा अधिकार मॅडमना. एरवी या नियमांनी आमच्या नाकी नऊ आणले होते. साहेब लालबुंद झाले, पण हात मागे घेतला. कायदा पाठीशी नसता तर साहेबांना अडवायची कोणाची बिशाद होती? आरती मग आम्हीच म्हटली, भयंकर बेसूर.

नंतर मॅडमनी तो पेन ड्राइव्ह कशालाच न जोडलेल्या वेगळ्या संगणकावर तपासला. आरतीबरोबर एक व्हायरस आला होता, यंत्रणेचा ताबा बाहेरच्या माणसाच्या हाती देणारा. साहेबांनी आरती चौकातल्या दुकानातून भरून आणली होती. बिचाऱ्यांना काय ठाऊक! त्यांनी सगळ्यांसमोर मॅडमना हात जोडले. मला आईचा छोटा सिलिंडर आठवला. कायद्याबद्दल कधी माया वाटेल असं वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटली.

घरी गेले तर मशीन घरघरत होतं. आईने त्यालाही हळदकुंकू लावलं होतं. मी सगळं सांगितलं आणि पूजेतलं झेंडूचं फूल मशीनवर ठेवायला तिला दिलं.

तिने ते परत माझ्या हातात ठेवलं. नाकातली नळी सावरत म्हणाली, "हे त्या मॅडमना दे. उद्या सोनं द्यायला आधी त्यांच्याकडे जा. म्हणावं, तुमच्यामुळे आई आहे."