उंबऱ्याबाहेरचं पान

बनाबाईंना कुणाचं नातं लावायला सांगावं आणि बाजूला व्हावं. वेल्ह्याच्या एसटी स्टँडवर शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला त्या आधी गाव विचारतात, मग माहेर, मग आईचं माहेर. गाडी लागेपर्यंत ती त्यांच्या चुलत जावेच्या भाचीची नणंद तरी निघतेच. वाडीत सोयरीक जुळवायची असली की माणसं आधी त्यांच्या ओट्यावर येऊन बसतात. नात्याचा धागा त्यांच्या हातून सुटलेला कुणी पाहिला नव्हता. यंदाच्या सर्वपित्री अमावास्येला तो सुटला.

त्या दिवशी या घरात एक पान जास्तीचं मांडतात. उंबऱ्याबाहेर, शेंडा मावळतीकडे. ते गेनबाचं. गेनबा म्हणजे बनाबाईंच्या नवऱ्याच्या पणजोबांचा, सोनबांचा, धाकटा भाऊ. तो भावाशी भांडून घाट उतरला, महाडवरून मुंबईला गेला आणि इंग्रजांच्या बोटीत बसून समुद्रापार ऊस लावायला गेला, एवढंच घराला ठाऊक. तो परतला नाही. कधी गेला, मागे कुणी आहे की नाही, काहीच कळलं नाही. बिनवारस समजून घर त्याला जेवू घालत आलं. कावळा, कुत्रं, मांजर, कुणीतरी त्या पानाला तोंड लावल्याशिवाय घरातलं कुणी जेवत नाही. सासूबाई जाताना बनाबाईंना म्हणाल्या होत्या, "बाकी काय बी चुकलं तरी चालंल. गेनबाला उपाशी ठेवू नगं." आणि बनाबाईंनी ठेवलं नव्हतं. बाळंतिणीच्या खाटेवरूनही त्यांनी जावेकडून ते पान मांडून घेतलं होतं.

यंदा पान मांडून त्या कावळ्याची वाट बघत होत्या, तेवढ्यात माऊलीचा टेम्पो दारात थांबला. माऊली त्यांचा लेक. त्याला बाजारातून दही आणायला धाडलं होतं.

"आये, पाव्हणी आणलीय. मॉरिशसच्या हायती. जरा नातं लावून दे," तो म्हणाला, सायकलचं पंक्चर काढून दे म्हणावं तसं.

"अन् दही?"

"राह्यलं की."

टेम्पोतून पन्नाशीची एक बाई उतरली. साडी चापूनचोपून, पायात बूट. नाव सुलक्षणा गेनू. तिकडे शाळेत मराठी शिकवते. तिकडच्या मराठी मंडळींचा नाचगाण्याचा कार्यक्रम आदल्या दिवशी भोरला झाला होता, त्यांच्यासोबत आलेली. आज आपलं मूळ गाव विचारत बाजारात फिरताना माऊलीला भेटली. तिने पिशवीतून साखरेचा पुडा काढून दोन्ही हातांनी बनाबाईंना दिला.

"आमच्या बेटावरची आहे. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या एवढेच सांगतात, आजी, की आपले गाव तोरण्याच्या सावलीत आहे."

"सावली सकाळी एका गावावर पडती अन् सांजच्याला दुसऱ्यावर," माऊली म्हणाला. "म्हणून म्हटलं, आईकडंच न्यावं."

बोलता बोलता सुलक्षणाबाईंचं लक्ष उंबऱ्याकडे गेलं. त्या थबकल्या. बूट काढले, पानापुढे बसून हात जोडले आणि अगदी सवयीने पान उचलून फिरवलं. शेंडा उगवतीकडे.

"अगं बाई, पान हलवू नगं," बनाबाई म्हणाल्या.

"क्षमा करा. पण उगवतीकडेच हवे ना? तो तिकडे राहिला."

"कोण राहिला?"

"मोठा भाऊ. आमच्याकडेही हे पान मांडतात, दाराबाहेर. आमचे गेनूबाबा आले, मागे भाऊ एकटाच राहिला. त्याला पाणी द्यायला कुणी नव्हते."

"नाव काय त्याचं?"

"सोनबा."

बनाबाई ओट्यावर टेकल्या.

"सोनबाला चार पोरं झाली," त्या म्हणाल्या. "अर्धी वाडी त्याचीच हाय. ह्यो माऊली बी त्यातलाच."

"पण आम्हांला वाटले..."

"आमाला बी तसंच वाटलं."

"म्हंजी दोघांची बी घरं भरलेली," माऊली म्हणाला, "अन् दोन्हीकडनं बिनवारसाचं पान."

"तू गप. दही आण."

तो गेला नाही. बनाबाई मात्र आपल्या कामाला लागल्या. आडनाव गेनू कसं? बोटीतून उतरल्यावर साहेबाने नाव विचारलं, गेनूबाबांनी सांगितलं, तेच आडनाव झालं. देव कोण? जेजुरीचा खंडोबा. पण जेजुरीचा तर अर्धा जिल्हा. भावाशी कशावरून बिनसलं?

"बिनसले नाही," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "भावाचे लग्न व्हावे, म्हणून ते कमवायला गेले."

बनाबाईंच्या हातातला धागा सुटला तो इथे. इथला गेनबा भांडून गेला होता, तिथला प्रेमापोटी. हा तोच असेल तर सासूबाईंनी सांगितलेलं खोटं. तो नसेल तर ही बाई कुणाची? सोनबा-गेनबा तर गावोगाव होते. आणि तोच असला, त्याची माणसं त्याला तिकडे जेवू घालत असली, तर आपण इतकी वर्षं मांडलं ते खाल्लं कुणी?

"काय लागलं का नातं?" माऊलीने विचारलं.

"लागतंय बी अन् न्हाई बी."

ऊन कलायला आलं. कावळा येईना. घरात सगळे उपाशी, आणि पाहुण्याबाईंना दिवस मावळायच्या आत भोर गाठायचं होतं. भुकेलं माणूस दारात बसवून कावळ्याकडे बघत राहणं बनाबाईंना जमेना. त्या उठल्या, पान उचलून उंबऱ्याच्या आत आणलं, चुलीसमोर ठेवलं आणि शेजारी पाट मांडला.

"बसा. आता हे म्हाळाचं न्हाई. पाव्हणीचं हाय."

"कोणत्या दिशेला बसू, आजी?"

बनाबाईंनी मावळतीकडे पाहिलं, उगवतीकडे पाहिलं. "चुलीकडं तोंड करून बसा."

सुलक्षणाबाई पोटभर जेवल्या. वडे त्यांच्या आईसारखेच झालेत म्हणाल्या. निघताना त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्षी आम्ही सोनबांचे पान मांडायचे की नाही?"

"तुमच्या आईस्नी इचारा," बनाबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःलाच कुणाला तरी विचारायचं होतं.

टेम्पो वळणाआड गेला तशी सून, स्नेहल, ताटं वाढायला उठली. "आत्या, चला आता. गेनबाचंच माणूस जेवून गेलं."

"अन् ती त्याची नसली तर?"

त्यांनी नवं पान घेतलं, सगळं पुन्हा वाढलं आणि उंबऱ्याबाहेर मांडलं. शेंडा मावळतीकडे. वरून पुड्यातली चिमूटभर साखर ठेवली. मग हात थांबला. जन्मभर ऊसच लावला असेल त्याने. त्यांनी साखर बोटाने निपटून काढली, त्या जागी आमसुलाची चटणी वाढली आणि पदर खोचून कावळ्याची वाट बघत बसल्या.