सोमवारचा वजनकाटा

मी तोंडाने फटकळ आहे, हे मैदानावरच्या पोरींना पहिल्याच दिवशी कळतं. वीस वर्षं लांब पल्ल्याच्या धावपटू तयार करतेय. धाकट्या बहिणीची सोळा वर्षांची मुलगी, आमची तुडतुडी, तीही माझ्याच हाताखाली. घरी मावशी, मैदानावर मॅडम. गफलत झाली की एक फेरी जास्त.

दर सोमवारी साहित्याच्या खोलीत मी वजनकाटा मांडायचे. जिचा आकडा उतरला तिला टाळ्या, जिचा चढला तिला माझी जीभ. "काय गं, डबा खातेस की डब्यासकट?" पोरी हसायच्या आणि मला वाटायचं, मी भारी विनोदी. तुडतुडीला सलग दहा सोमवार टाळ्या मिळाल्या.

एकदा बुटाची नाडी सोडता सोडता तिनं हळूच सांगितलं, चार महिने पाळी आलेली नाही, आईला सांगू का. मी म्हणाले, आईला कशाला घोर लावतेस, कटकट गेली म्हण. धावायच्या दिवसांत माझीही वर्षभर बंद होती, आणि आमचे सर त्यालाच खरी तयारी म्हणायचे. हे मी चक्क शेखी मिरवत सांगितलं.

पुढे तिला सारखी सर्दी व्हायला लागली, झोप उडाली, धावण्याचा वेगही घसरला. मी फेऱ्या वाढवल्या. नडगी दुखते म्हणाली, तर नाटकं म्हणाले. निवड चाचणीला पंधरा दिवस होते. सरावात वळणावर, ना ठेच ना धक्का, ती मटकन खाली बसली. हाडाला तडा गेला होता.

डॉक्टरीणबाईंनी आधी तिच्या जेवणाचं विचारलं, मग पाळीचं. मग म्हणाल्या, ही धावते त्या मानानं खात नाही; अशा वेळी शरीर काटकसर करतं, पाळी थांबवतं, हाडं कमकुवत होतात. चाचणी विसरा. वेळच्या वेळी पोटभर खायचं, हाड जुळलं आणि पाळी परत आली की मग हळूहळू धावायचं.

"पाळी थांबल्याचं कुणाला सांगितलं होतंस?" त्यांनी विचारलं.

सोबत आलेली बहीण पोरीकडे बघत होती. "कुणालाच नाही," तुडतुडी म्हणाली.

पोर मला पाठीशी घालत होती. आणि मी, खोटं बोलणाऱ्यांना फेऱ्या मारायला लावणारी बाई, मूग गिळून बसले. निघायला उठलो तेव्हा कुठे तोंड उघडलं.

"मला सांगितलं होतं. आईला सांगू नको, असं मीच म्हणाले."

बहीण ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त पोरीचा हात धरला आणि बाहेर पडली.

सोमवारी काटा मांडला नाही. एकेकीला बाजूला घेऊन पाळीचं विचारलं. अकरा जणींपैकी तिघींनी मान खाली घातली. त्या तिघींच्या आयांना त्याच दिवशी जाऊन भेटले, सगळं सांगितलं. शरमेनं माझी मान वर होत नव्हती.

पंधरा दिवसांनी बहिणीनं जेवायला बोलावलं. माझ्याशी बोलली नाही, पण ताट मांडलं. तुडतुडीचं ताट रिकामं झालं तसं बहिणीनं पुन्हा वाढलं. पोरीचा हात घासापाशी थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं, खाऊ का म्हणून. तिच्या स्वतःच्या घरात, आईनं वाढलेल्या ताटावर बसून ती मला विचारत होती.