बिऱ्हाड बघणारे साडू

आमचे साडू उद्या स्वर्गात गेले, तर समोर आलेला अमृताचा कलश ते आधी पालथा घालतील, बुडाला भोक आहे का ते बघतील आणि नसलं तर इंद्राकडे खिळा मागतील. अमृत सांडल्याचं त्यांना काहीही वाटणार नाही. ‘तुंबून राहण्यापेक्षा बरं,’ म्हणतील. साडू हे नातं मुळातच विचित्र. बायको आपण बघून करतो. साडू आहेरात येतो आणि परत करता येत नाही.

त्यांचं घर रत्नागिरीबाहेर, कातळावर. नव्या घरात गेल्या गेल्या चिकू लावायला म्हणून ते खणायला लागले. पहार वाकली, कंबर वाकली, कातळ तसाच. तेव्हापासून त्यांनी जमिनीशी अबोला धरला. ‘जमीन ही आळशी माणसांची सोय आहे,’ असं ते आंब्याच्या बागा असलेल्या लोकांना तोंडावर सांगतात. त्यांच्याकडे जे उगवतं ते भांड्यात उगवतं. जुन्या कमोडमध्ये त्यांनी गवती चहा लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आग्रहाने पाजला; चहा पिऊन झाल्यावर तो कुठे वाढला हेही अभिमानाने दाखवलं. स्कूटरचं हेल्मेट पुदिन्याला दिलं. पोलिसाने अडवलं तेव्हा ‘हेल्मेट आहे, पण त्यात पुदिना राहतो,’ असं त्यांनी शांतपणे सांगितलं. पोलिसाने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि जाऊ दिलं. या डोक्याला आणखी काय होणार, असा त्याने हिशेब केला असावा.

‘कुंडी’ हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचा नाही. कुंडी म्हणजे विकत घेतलेली अक्कल, असं त्यांचं मत. ते म्हणतात ‘बिऱ्हाड’. रोप हा भाडेकरू. मुळा उंच माणूस, त्याला खोल बिऱ्हाड हवं. मेथी चार दिवसांची पाहुणी, तिचं परातीत भागतं. पुदिना हा लांबचा नातेवाईक. एकदा घरात घेतला की सगळ्या खोल्या बळकावतो, म्हणून त्याला कायम वेगळं काढायचं. हे सांगताना ते माझ्याकडे का बघतात, ते मी विचारलेलं नाही.

हे तत्त्वज्ञान मोठ्या माणसांनी कधीच शेवटपर्यंत ऐकलं नाही. कुणाला बस पकडायची असे, कुणाच्या घरी आमटी करपत असे. शेवटी साडूंना हवा तसा श्रोतृवर्ग सापडला: साडेचार वर्षांची मुलं. त्यांना बस पकडायची नसते. जवळच्या बालवाडीत दर शनिवारी ‘झाडाला बिऱ्हाड बघून देणे’ हा वर्ग सुरू झाला आणि मातीची टोपली उचलायला मला वेठीस धरण्यात आलं.

वर्गाची एक रीत होती. मुलाने घरातलं नको असलेलं भांडं आणायचं. साडू ते पालथं घालणार, बुडावर खिळा टेकवणार, हातोडी उचलणार आणि गरजणार, ‘हे कुणाला हवंय का?’ मुलं एका सुरात म्हणणार, ‘कुणालाच नको.’ मग ठाक. त्या ‘ठाक’साठी मुलं जीव टाकत. अडचण एवढीच, की घरातलं काय नको आहे याबद्दल साडेचार वर्षांच्या माणसाची मतं फार स्पष्ट असतात. कुणी कुकर आणला, कारण त्यात दुधी शिजतो. एकाने आजोबांची कवळी ठेवायची वाटी आणली. कवळी खिशात होती. साडू भांड्याचं बूड बारकाईने बघत, मालकाची चौकशी कधी करत नसत. आयांची रांग लागली. बालवाडीच्या ताई सोशिक बाई, पण कुकरनंतर त्यांनीही सांगून टाकलं, ‘काका, आणखी एक तक्रार आली की वर्ग बंद.’

त्या आठवड्यात साडू जेवले नाहीत, असं माझी मेव्हणी म्हणते. मी म्हणतो जेवले असतील, पण बोलले नाहीत, आणि ते जास्त गंभीर. वर्ग गेला असता तर त्यांना माझ्याशिवाय कुणी उरलं नसतं, आणि माझं काय, मलाही बस पकडायची असते.

पुढच्या शनिवारी एका मासेवालीची मुलगी अळूचा कांदा आणि कडीचा डबा घेऊन आली. डबा लख्ख, घासूनपुसून ठेवलेला. साडूंचे डोळे चमकले. डबा पालथा झाला, खिळा टेकला, हातोडी वर गेली. ‘हे कुणाला हवंय का?’ मुलं ओरडली, ‘कुणालाच नको.’ आणि ती मुलगीही शहाण्यासारखी म्हणाली, ‘कुनालाच नको. बाबांचा हाय. बाबा मुंबैला असतात.’

हातोडी वरच राहिली. मुलं ‘ठाक’ची वाट बघत होती. मी मनात म्हटलं, आता हा माणूस भोक पाडणार, कारण याने समोर आलेलं भांडं कधी सोडलेलं नाही. साडूंनी खिळा उचलला, डबा सुलटा केला, कडी लावली.

‘हे बिऱ्हाड रिकामं नाही, बाळा,’ ते म्हणाले. ‘भाडेकरू गावाला गेलाय.’

दुपारी तिची आई आली. डोक्यावर मासळीचा रिकामा टब, थेट बाजारातून. डबा शोधून दमली होती. ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. साडूंनी डबा पुढे केला. बाईने तो पालथा करून बूड बघितलं, त्यावरून अंगठा फिरवला.

‘पाडलं असतंत तरी चाललं असतं, काका,’ ती म्हणाली. ‘ह्या वर्साला गणपतीला पन येनार नाय ते.’

साडूंनी खिळा-हातोडी पिशवीत टाकली. मग तिनेच डोक्यावरचा टब उतरवला. ‘ह्यात लावा तिचा अळू. बूड फुटलेलंच हाय.’ ताईंनी वर्ग बंद करायचा विषय पुन्हा काढला नाही. पुढच्या शनिवारपासून साडूंनी फक्त प्रश्न बदलला. आता ते विचारतात, ‘हे कुणाचं आहे?’ आणि पुरतं उत्तर मिळेपर्यंत हातोडी उचलत नाहीत.

मासळीच्या टबात अळू असा माजला, की पानाखाली मुलगी दिसेना. गणपतीत तिच्या आईने अळूची भाजी केली आणि साडूंकडे पाठवली. त्याच कडीच्या डब्यातून. आता आलेला डबा रिकामा परत पाठवायचा नाही, ही आपल्याकडची रीत. साडूंनी पुदिन्याची चटणी भरून पाठवली. रिकामा डबा परत पाठवायचा नाही हे त्या बाईलाही माहीत. तिकडून सुकटीची कोशिंबीर आली. इकडून मेथीची भाजी गेली.

डबा अजून ये-जा करतो आहे. मालक अजून आलेला नाही. पण साडू म्हणतात, येईल तेव्हा त्याला डबा गरम लागला पाहिजे.