न मारलेली हाक

पार्लरवाली मावशी दिवसभर बोलायची, आणि त्यातलं निम्मं कुत्र्यामांजरांशी. पुढच्या खोलीत बायकांचे केस, मागच्या खोलीत लोकांनी टाकून दिलेली जनावरं, असा तिचा वीस वर्षांचा संसार. नवरा जाऊन जमाना झाला होता. घरात दुसरं माणूस म्हणजे नणंद. "कात्र्या तेवढ्या वेगळ्या ठेव गं बाई," ती म्हणायची, "नाहीतर एखादं गिऱ्हाईक अंग खाजवत घरी जायचं!"

कुत्रं आलं की मावशीची रीत ठरलेली. आधी आंघोळ, मग गुंता झालेले केस मशीनने साफ, आणि शेवटी नवं नाव, दाराजवळच्या पाटीवर खडूने. "जुनं नाव हवंय कशाला? त्या नावाने हाका मारणाऱ्यांनीच हाकललं ना त्याला!" शाळांमध्ये बोलायला जायची तिथेही हे ठासून सांगायची. पाणी कुठे ठेवावं, साखळी किती लांब असावी, पाळायच्या आधी घरात कुणाकुणाला विचारावं, सगळं सांगायची. पण टाळ्या पडायच्या त्या नव्या नावाच्या गोष्टीला. माणूस टाळ्यांना भुलतंच. तीही भुलली.

एका सकाळी फाटकाला एक म्हातारा कुत्रा बांधलेला सापडला. केसांचं नुसतं जंगल, आत गोचिड्या. बांधून पळालेल्याला मावशीने ठेवणीतल्या शिव्या हासडल्या आणि तासाभरात कुत्र्याचा पार गोटा केला. खालून निघाला एक करडा, हाडकुळा जीव. पाटीवर नाव चढलं, गोट्या.

गोट्या खाईना. दूध नको, अंडं नको. फाटकाकडे तोंड करून बसायचा. "गोट्या, ये रे राजा," म्हटलं तरी ढिम्म. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, वय झालंय, मूत्रपिंडं थकलीत, बघू काय होतंय.

चौथ्या दिवशी पार्लर भरलेलं असताना फोन आला. इस्पितळातून कुणी म्हातारे बोलत होते. "माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. पडलो, मांडीचं हाड मोडलं. शेजाऱ्यांकडे कुत्रा ठेवला होता, ते म्हणतात पळाला. तपकिरी आहे, डोळे दिसत नाहीत इतका केसाळ. पाहुणा नाव. एका दिवसासाठी आला होता, राहिला अकरा वर्षं."

मावशीच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात एका बाईची अर्धी रंगवलेली बट. तिने मान वळवून पाटीवर नजर टाकली. पाहुणा नव्हता. केसाळ तर कुणीच नव्हतं, तिने ठेवलंच नव्हतं! "नाही हो काका, असा कुणी नाही आमच्याकडे. आला तर कळवते." आणि बट पुरी केली. अहो, मागच्या दाराशी जाऊन एक हाक मारायला असा कितीसा वेळ लागला असता?

नवव्या दिवशी गोट्या गेला. डोकं तिच्या मांडीवर होतं.

पुढच्या आठवड्यात म्हातारे स्वतःच आले, कुबड्या टेकत. हातात पट्टा, खिशात फोटो. "म्हटलं, डोळ्यांनी बघून घ्यावं. फोनवर काय कळतं?" फोटोत तेच केसांचं जंगल होतं, आणि डाव्या कानाचा शेंडा तुटलेला. त्या तुटक्या कानाला मावशीने रोज मलम लावलं होतं.

म्हाताऱ्यांच्या मागे उभी राहून नणंद जोरजोरात मान हलवत होती, नाही म्हण, नाही म्हण. तसं म्हटलं असतं तर ते पट्टा घेऊन पुढच्या गल्लीत गेले असते, आशेवर आणखी चार वर्षं काढली असती. शब्द मावशीच्या ओठांवर आलेही होते. पण म्हातारे मागच्या खोलीत जाऊन एकेका पिंजऱ्याशी वाकून "पाहुणा? ए पाहुण्या?" करायला लागले, तसं तिला राहवेना. तिने सगळं सांगून टाकलं. केस, पाटी, फोन, सगळं.

आता हे ओरडणार म्हणून ती उभी राहिली. ते बाकावर बसले. कुबड्या बाजूला टेकवून म्हणाले, "जाताना कुणी होतं जवळ?"

"मी होते, काका. सारखी हाक मारत होते."

"काय म्हणून?"

"गोट्या."

म्हाताऱ्यांनी पट्टा हाताला दोनदा गुंडाळला. "मग त्याला वाटलं असेल, दुसऱ्याच कुणाला बोलावताहेत." रागाने नाही, आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले.

मावशी शाळांमध्ये अजून जाते. हल्ली आधी हीच गोष्ट सांगते आणि टाळ्या काही पडत नाहीत. नवं कुत्रं आलं की मशीन हातात घ्यायच्या आधी केसांसकट फोटो काढते. मग त्याच्यासमोर फतकल मारून बसते आणि ठाऊक असतील तेवढी नावं एकेक करून घेते, कान हलतो का बघत. "हजेरी घेतेस की काय!" नणंद म्हणते, पण पूर्वीसारखं हसत नाही. सगळी नावं संपली की शेवटी मावशी "पाहुणा" म्हणते. कुणाचाच कान हलत नाही. ती तरी जरा थांबते, आणि मगच उठते.