माझी आई माझ्याशी मराठीत बोलते

"कोण गेलं रे तुमच्यात?" वॉचमननं विचारलं.

कुणीच गेलं नव्हतं. माझी याडी मला भेटायला आली होती. याडी म्हणजे आई. लातूरच्या कॉलेजचं गेट, मधली सुट्टी, वडापावच्या गाड्याभोवती अर्धं कॉलेज उभं. आणि सगळ्यांच्या मधोमध आरसे लावलेला घागरा, हातभर पांढऱ्या बांगड्या घातलेली माझी आई माझ्या गळ्यात पडून मोठ्यानं, सुरात रडून राहिली.

आमच्यात असंच असतं. आम्ही गोरमाटी. बाकीचे आम्हाला बंजारा म्हणतात, लमाण म्हणतात, आणखीही काय काय म्हणतात. आमच्या बाया जवळच्या माणसाला लई दिवसांनी भेटल्या की गळ्यात पडतात आणि गात गात रडतात. त्या रडण्यात सगळ्या बातम्या असतात. शेळीला दोन करडं झाली, एक मेलं. तुझी मामी आडावर घसरून पडली. तुझा बा तंबाखू सोडली म्हणतो, सोडलेली न्हाई. तुझी खाट भिंतीला उभी करून ठेवलीय, तिच्याकडं बघवत न्हाई. हे सगळं चालीवर, आमच्या भाषेत, हुंदक्यासकट. समोरच्यानं काय करायचं? काहीच न्हाई. खाली मान घालून, तिच्या पाठीवर हात ठेवून उभं राहायचं. बातम्या संपल्या की बाई डोळे पुसते आणि एकदम साध्या आवाजात विचारते, जेवलास का?

एवढं सोपं काम. उभं राहायचं. तेवढंही मला जमलं न्हाई.

मी तिचे हात माझ्या गळ्यातून काढले. तिच्या बातम्या अजून खाटेपर्यंतच आल्या होत्या. वॉचमनकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आमच्या गावाकडची बाई हाय. डोक्यानं जराशी अशीच हाय."

आईला मराठी पक्कं कळतं. हिमायतनगरच्या बाजारात तिनं जन्मभर मराठीतच भाव केलेत. तिनं डोळे पुसले. गाठोडं माझ्या हातात दिलं, त्यात भाकरी हाय म्हणून आमच्या भाषेत सांगितलं, आणि जशी आली तशी एसटी स्टँडकडं चालायला लागली. दोन गाड्या बदलून आली होती. मी तिला सोडायला गेलो न्हाई. माझा फिजिक्सचा तास होता. त्या तासाला काय शिकवलं ते आता आठवत न्हाई, पण मी तो बुडवला नव्हता. माझ्या बाजूनं एवढं तरी लिहून ठेवा.

गोष्ट इथं थांबली असती तर मी निदान साधा हरामखोर राहिलो असतो. पण मला कलाकार व्हायचं होतं.

महिन्याभरात कॉलेजनं भारतीय भाषांचा उत्सव ठरवला. हॉलमध्ये पुठ्ठ्याचा मोठा नकाशा. एकेका पोरानं एकेका भाषेची पाटी गळ्यात घालून नकाशासमोर यायचं, चार ओळी म्हणायच्या, नमस्कार करायचा. भाषा हजेरीच्या नंबरावर वाटल्या. उदगीरचा एक जण होता, त्याच्या घरी सगळे कन्नड बोलत. त्याला बंगाली. देगलूरच्या एका पोरीची आजी तेलुगूशिवाय दुसरं बोलतच नसे. तिला गुजराती. मला तमिळ. मी जन्मात तमिळ माणूस बघितला नव्हता. मराठी मात्र नंबरावर वाटली न्हाई. ती एका डॉक्टरांच्या मुलीला दिली, कारण तिचं मराठी स्वच्छ होतं. त्या दिवसापासून आम्ही बाकीचे अस्वच्छ.

मी उठून उभा राहिलो. आता वाटतं, बसून राहिलो असतो तर बरं झालं असतं.

"मॅडम, मी माझी भाषा बोलू का?"

"कोणती?"

"गोरमाटी."

मॅडम वाईट नव्हत्या. हसल्या. "अरे, ती बोली. तिला लिपी कुठंय? नकाशात कुठं बसवू मी तिला?"

मागच्या बाकावर सांस्कृतिक विभागाचे सर बसले होते. ते म्हणाले, "मॅडम, बसवा की! तुझ्या गावाकडची ती येडी बाई आली होती ना गेटवर? तिचं रडणं करून दाखव. हॉल डोक्यावर घेतील पोरं. येतंय का तुला?"

वर्ग हसला. माझ्याकडं बघून. आणि मला, काय सांगू, बरं वाटलं. सव्वा वर्षात पहिल्यांदा सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता.

"येतंय की, सर," मी म्हणालो.

लेडीज हॉस्टेलातून ओढणी मागून आणली. प्लंबिंगच्या पाइपाचे तुकडे कापून बांगड्या केल्या. ही कल्पना माझीच, दुसऱ्याला त्याचं श्रेय देणार न्हाई. स्टेजवर गेलो आणि माईकच्या दांड्याच्या गळ्यात पडलो. शेळीपासून सुरुवात केली. हॉलमध्ये कुणाला एक शब्द कळत नव्हता, त्यामुळं मी हुंदके लांबवले. लोक लोळायचे बाकी राहिले. मग मी खाट घेतली. तुझी खाट भिंतीला उभी करून ठेवलीय. आईचेच शब्द, आईचीच चाल. त्या ओळीला सगळ्यात मोठा हशा आला. मलाही हसू आलं. स्टेजवर हसू दाबणारा नट लोकांना फार आवडतो, म्हणून मी ते थोडं दाबलं, थोडं दिसू दिलं.

बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर लिहिलं होतं: विनोदी नक्कल, प्रथम.

कुणीतरी व्हिडिओ काढला होता. व्हॉट्सअॅप तेव्हा नवंनवं होतं, त्यामुळं लोक मिळेल ते पुढं ढकलायचे. माझ्याआधी माझी कला तांड्यावर पोचली.

दिवाळीला घरी गेलो. आई अंगणात ज्वारी निवडत होती. मी दारात उभा राहिलो, पिशवी खाली ठेवली. आता ती उठेल, गळ्यात पडेल. या खेपेला मी हलणार न्हाई, असं एसटीत बसून चांगलं ठरवून आलो होतो.

ती उठली न्हाई. वर बघितलं आणि म्हणाली, "कधी आलास? बस. पानी देऊ का?"

मराठीत.

तिचं हे मराठी मी ओळखतो. दुकानदाराशी, तलाठ्याशी, सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईशी ती ह्याच मराठीत बोलते. जरा जपून, जरा आदरानं. मला वाटलं, गंमत करतीय. मी गोरमाटीत उत्तर दिलं. तिनं पुन्हा मराठीत विचारलं. चार दिवस असंच. जेव मराठीत, झोप मराठीत, ही घे नवी चादर मराठीत. बाशी, बहिणीशी, कोंबड्यांशीसुद्धा ती आमच्या भाषेत बोलायची. मी आलो की बदलायची. आम्ही आमच्या माणसाला गोर म्हणतो आणि बाहेरच्याला कोर. तिनं मला शिवी दिली न्हाई, मारलं न्हाई. शिवी आमच्या भाषेत द्यावी लागली असती.

मी विचारलं न्हाई. विचारलं तर ती सांगेल, ही भीती. बारा-तेरा वर्षं तशीच गेली. माझं लग्न मराठीत झालं म्हणायला हरकत न्हाई, कारण ती माझ्याशी त्यात जे काही बोलली ते मराठीत. बा गेला तेव्हा तांड्यातल्या बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. ती प्रत्येकीच्या गळ्यात पडली. माझ्यापाशी आली, खांद्याला बोट लावलं. "ऊठ बाबा. लोकं थांबलेत."

आणि पोटासाठी मी काय करत होतो? नांदेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होतो. हसा. विष्णुपुरीकडून, बिलोलीकडून पोरं यायची, वहीत 'लई' आणि 'न्हाई' लिहायची, आणि मी लाल पेनानं ते खोडायचो.

मागच्या हिवाळ्यात प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं.

"सर, यंदा भाषिक वैविध्याचा कार्यक्रम मोठा करू. बाहेरून पाहुणे येणारेत. तुमच्या आईंना बोलवा ना. गाडी पाठवतो."

"आई काय करणार, सर?"

"ते तुमच्यातलं पारंपरिक रडणं. पाचच मिनिटं. शाल-श्रीफळ देऊ. अहो, भाषा अशीच जपली जाते."

मी चहाकडं बघत होतो. म्हणालो, "सर, ती आपलं माणूस भेटल्यावर रडते. पाहुण्यांना ती ओळखत न्हाई."

"मग तुम्ही करा. लाजता काय? बघितलाय मी तुमचा तो व्हिडिओ." ते खरंच कौतुकानं हसले. "तो खाटेचा की कशाचा भाग, अजून आमच्या ग्रुपवर फिरतो."

एवढी वर्षं. आई रडून राहिली होती, आणि लोक हसून राहिले होते. मी ते सुरू करून दिलं आणि पोटापाण्याला लागलो.

"न्हाई," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"न्हाई करणार. आईला बोलावणार न्हाई. दुसऱ्या कुणाच्या आईलाही आणू देणार न्हाई. तो व्हिडिओ दाखवला तर मी स्टेजवर येऊन सांगीन, मी जिची नक्कल केली ती माझी आई हाय आणि ती येडी न्हाई."

"सर, आवाज," ते म्हणाले. मग शांतपणे, "आणि मराठीच्या शिक्षकानं 'न्हाई' म्हणू नये."

मी चहा प्यायलो न्हाई. माझं बंड एवढंच. ऐकायला मोठं वाटत असेल तर सांगतो, बाहेर येऊन गाडीला चावी लावली, आणि गाडी दुसऱ्याची निघाली.

जूनमध्ये वेळापत्रकात माझं नाव नव्हतं. कुणी काढलं न्हाई. फक्त लिहिलं न्हाई.

तांड्यावर जाऊन आईला सांगितलं. सगळं, पहिल्यापासून, गोरमाटीत. वॉचमनला काय म्हणालो होतो तेही. तिनं ऐकून घेतलं.

"नोकरी गेली म्हन की," ती मराठीत म्हणाली. "आता काय खातूस?"

मग मी शेवटी विचारलं. तू माझ्याशी आपल्या भाषेत का बोलत न्हाईस?

तिनं जराही राग केला न्हाई. हिशोबी बाई हिशोबात सांगते तसं सांगितलं. "त्या दिशी लोकं हसले. ते कोर, त्यास्नी काय कळतंय. पन तुला समदं कळत होतं, आन तू बी हसलास. म्हनून तुला हसाय जोगं काय द्यायचं न्हाई, आसं ठरवलं म्या."

"आता न्हाई हसणार, याडी."

"नको हसू. चांगलंय." आणि ती भाकरी थापायला उठली. बदललं काहीच न्हाई. तुम्ही वाट बघत असाल तर सांगून टाकतो.

आता एका झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे फॉर्म भरतो. मातृभाषेचा रकाना आला की विचारतो, काय लिहू? समोरचा वडार असतो, कैकाडी असतो, आमच्याच शेजारच्या तांड्यावरचा असतो. घरी काय बोलतात ते मला माहीत असतं. तो इकडं तिकडं बघतो आणि म्हणतो, "मराठीच टाका, सर. उगी कशाला." मी टाकतो. त्याचं काम अडलं तर मी काय देणार आहे त्याला?

माझी पोरगी इंग्रजी शाळेत जाते. कॉलनीत हिंदी बोलते. मी तिला म्हणतो, "आव, बेस." ये, बस. ती खुदकन हसते. "पप्पा, प्रॉपर बोला ना." परवा मैत्रिणींना माझी नक्कल करून दाखवत होती. हुबेहूब. कुणावर गेलीय ते तिच्या आईनं मला ऐकवलं.

आशा? न्हाई. तांड्यावरच्या पोरींना ते रडणं आता येत न्हाई, त्यांना लाज वाटते. ही भाषा माझ्यादेखत जाणार, आणि तिला ढकलणाऱ्या हातांत दोन हात माझे.

पण माझं ठरलंय. घरात मी दुसऱ्या भाषेत तोंड उघडत न्हाई. पोरगी हसली तर हसू दे, उत्तर द्यायचं बंद केलं तरी मी बोलणार. याडीला फोन लावतो, गोरमाटीत विचारतो, ती मराठीत सांगते. ती मरेपर्यंत मराठीत सांगेल. तो तिचा हक्क हाय, तो मी परत मागणार न्हाई. विचारणं सोडणार न्हाई, एवढंच. आणि कुणी म्हणालं, जरा तुमच्या भाषेत करून दाखवा, तर दाखवणार न्हाई. ऐकायची असेल तर खाली बसा, शिका, आणि मग माझ्याशी बोला.