हळदीच्या घरात डबिंग

घिवलीच्या किनाऱ्यावर आम्ही शूटिंग केलं त्या दिवशी वाऱ्याने आमचा आवाज पार खाऊन टाकला. चित्र मात्र झकास आलं होतं. माझी मैत्रीण समुद्राकडे पाठ करून उभी, ओढणी उडतेय, आणि ती जिवाच्या आकांताने ओरडतेय, "मी नाही येणार! तुम्ही जा!" पण नंतर हेडफोन लावून ऐकलं, तर नुसती फरफर होती. छोटा माइक मी तिच्या ओढणीला लावला होता आणि त्याने इमानेइतबारे ओढणीच रेकॉर्ड केली. कॅमेरा धरणारा आमचा वर्गमित्र तेव्हाच कुरकुरला होता, पण दिग्दर्शक मी होते आणि मला कुणी शिकवलेलं खपत नाही.

पालघरच्या कॉलेजातलं आमचं शेवटचं वर्ष होतं आणि शॉर्ट फिल्म जमा केल्याशिवाय गुण मिळणार नव्हते. गोष्ट एवढीशीच होती. बोईसरच्या एका कंपनीत गोळ्या डब्यांत भरणारी मुलगी एका सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढत नाही, सरळ समुद्रावर जाते. रस्त्यावरून बस हॉर्न वाजवत राहते, आणि ती वळून ओरडते. खरी बस आमच्या ऐपतीत नव्हती, म्हणून बस फक्त हॉर्नमध्ये होती. सगळ्या फिल्मभर संवाद असा तो एकच होता.

शूटिंगनंतर परीक्षा आली आणि फुटेज तसंच पडून राहिलं. आवाज गेलाय हे आम्हाला एडिटिंगला बसल्यावर कळलं, आणि तोवर मैत्रिणीचं लग्न तोंडावर आलं होतं. ती पालघरजवळच्या माहीमची, वाडीतल्या घरातली. स्थळ वलसाडचं. मुलगा चांगल्या नोकरीत, घर स्वतःचं, नाव ठेवायला जागा नव्हती. सासरी नाटक-सिनेमा चालत नाही, हे मात्र पाहुण्यांनी बैठकीतच हसत हसत सांगून टाकलं होतं. तिला विचारलं की ती म्हणायची, "बघू." तिचा हा 'बघू' माझ्या डोक्यात जायचा. बघायला उरलं काय होतं?

वर्गमित्राने सोपा मार्ग काढला. बेटेगावच्या एका मुलीचा आवाज बरा आहे, तिच्याकडून डब करून घेऊ, कुणाला कळणार नाही. मी हे फोनवर मैत्रिणीला सांगितलं, तर ती इतकी चिडली की मी फोन कानापासून लांब धरला. "माझ्या तोंडातून दुसरीचा आवाज? खबरदार! पुन्हा कधी मला कुणी पिक्चरमध्ये काम करू देणार नाही. माझं म्हणून एवढंच राहणारेय, ते तरी माझ्या आवाजात राहू दे." मग जरा शांत होऊन म्हणाली, "उद्या हळद आहे. हळद लागली की मला उंबऱ्याबाहेर सोडणार नाहीत. तू ये."

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅपटॉप, माइक आणि दोन गोधड्या घेऊन मी माहीमला पोचले. दारात मांडव, स्पीकरवर गाणी, स्वयंपाकघरात मिक्सर, पडवीत वाटाणे सोलणाऱ्या बायका. मैत्रीण कानशिलापर्यंत पिवळी झाली होती. तिने मला सामानाच्या खोलीत ओढलं. खोली कसली, रुखवताची भांडी, तांदळाची पोती आणि आम्ही दोघी, एवढ्यावरच ती भरली. खिडकी लावली, पंखा बंद केला, दाराला गोधड्या टांगल्या. मे महिना होता. ओल्या हळदीचा आणि घामाचा वास नाकात बसला.

पहिल्यांदा ती हळूच बोलली. मी तिचा आवाज चित्रावर लावून दाखवला आणि आम्ही दोघी खो खो हसलो. पडद्यावर तोंड आ वासलेलं, मानेच्या शिरा फुगलेल्या, आणि आवाज दुकानात जाऊन पाव किलो साखर मागितल्यासारखा. ओरडल्याशिवाय ते ओठांवर बसणारच नव्हतं. आणि लग्नघरात नवरीने ओरडायचं कसं? त्यातून ओरडायचं काय, तर 'मी नाही येणार, तुम्ही जा'.

गाणी चालू असताना ओरडावं तर बाहेर कुणाला कळलं नसतं, पण ती गाणी माइकमध्ये आली असती. गाणी बंद करावीत तर रेकॉर्डिंग स्वच्छ झालं असतं, पण सगळ्या घराने ऐकलं असतं. तिने उशीत तोंड खुपसून ओरडून पाहिलं, ते उशीत ओरडल्यासारखंच आलं. दोन गाण्यांच्या मधली फट गाठायला गेलो, तर नेमका मिक्सर सुरू झाला. गोधड्यांमुळे आवाजही पेटीतून आल्यासारखा येत होता. समुद्रावरची मुलगी आणि आवाज पेटीतला! तेवढ्यात तिच्या आत्याने दारावर थाप मारली. "काय चाललंय गो आत? हलद घामानं वाहून चालली आसंल. बाहेर ये."

मला त्या खोलीत कोंडून घातल्यासारखं झालं. परवा फिल्म जमा करायची होती, उद्या हिचं लग्न होतं, आणि मी पोत्याला टेकून माइक धरून बसले होते. मला तिचा राग आला, तिच्या हट्टाचा आला, त्या मिक्सरचा तर फारच आला. मी म्हटलं, "सोड गं. बेटेगावच्या मुलीला सांगते मी."

ती उठली, गोधड्या ओढून काढल्या आणि दार सताड उघडलं.

"आत्या, मिक्सर बंद कर. सगळ्यांनी जरा गप्प बसा," ती म्हणाली. "मला एकदा ओरडायचंय. पिक्चरसाठी."

आत्याने कपाळाला हात लावला. "नवरीनं वरडायचं? पावने काय बोलतील?" बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तिचे वडील मांडवात खुर्चीवर बसले होते. वाडीत काम करून रापलेला, फारसं न बोलणारा माणूस. त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि स्पीकरवाल्याला हात केला. "बंद कर रं ते. बोलून घेऊ दे तिला."

गाणी थांबली, मिक्सर थांबला, वाटाणे सोलणारे हातही थांबले. ती माजघराच्या मधोमध, मांडवाकडे तोंड करून उभी राहिली. मी माइक तिच्या तोंडापासून हातभर धरला आणि मान हलवली.

"मी नाही येणार! तुम्ही जा!"

घिवलीला वाऱ्यात तिने काय आवाज लावला होता ते मला कधी ऐकताच आलं नव्हतं, तो हाच असणार. कुणी हललं नाही. मग मांडवातून तिच्या वडिलांचा आवाज आला, "पोरी, ह्ये पिक्चरमदलंच हाय ना?"

"हो, बाबा," ती म्हणाली.

बायका सैल हसल्या. आत्या म्हणाली, "काय बाई एकेक थेरं!" आणि तिने हळदीचा हात माझ्याही गालाला पुसला. गाणी पुन्हा लागली. मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. टेक मिळाला होता, दुसरं मला काही दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी लग्नात भरपेट जेवले, नाचले, आणि पाठवणीच्या वेळी सगळ्यांबरोबर रडलेसुद्धा.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गमित्राच्या घरी एडिटिंगला बसलो. तिचा आवाज ओठांवर असा बसला की आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. वाक्य जिथे संपतं तिथे कापायचं, म्हणून त्याने फाइल पुढे चालू ठेवली. वडिलांचा प्रश्न आला. त्यानंतर काहीच नाही. कुणाची तरी बांगडी वाजते, लांब कुठेतरी कावळा ओरडतो, पुन्हा काही नाही. फाइल अडकली असं वाटून मी पडद्याकडे पाहिलं, तर ती चालूच होती. मग तिचा बारीक आवाज आला, "हो, बाबा."

त्या घरात हातात माइक घेऊन मीच तिच्या सगळ्यात जवळ उभी होते, कानाला हेडफोन लावून.

वर्गमित्राने फाइल मागे नेली, पुन्हा ऐकली आणि म्हणाला, "हो म्हणायला इतका वेळ का लागला तिला?"

तोपर्यंत ती वलसाडला पोचली होती.