दोन तालुक्यांना एकदम मागणी

थांबा, तो चहाचा घोट आधी गिळा. तोंडात ठेवून ऐकलंत तर माझ्या अंगावर येईल. हा किस्सा सांगताना माझ्या दोन साड्या आधीच गेल्यात.

तर मंडळी, मी एकदा शहापूर आणि मुरबाड, या दोन्ही तालुक्यांतल्या लग्नाच्या पोरांना एकदम मागणी घातली होती. एकेकाला नाही हो, सरसकट! आणि मी मागणी घातलीय हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

हसू नका. सुरुवात फार थोरामोठ्यांसारखी झाली होती.

साधारण दोन हजार सात-आठची गोष्ट. मी शहापूरला कॉम्प्युटर विषय घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. घर धसईला. बाबा एसटीत कंडक्टर, मुरबाड–शहापूर गाडीवर. गाडीत सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. कॉलेजसाठी मी शहापुरात आत्याकडे राहायचे. आत्या प्रेमळ. इतकी प्रेमळ, की मी पहिल्या वर्षाला असतानाच तिने मला स्टुडिओत नेलं, मागे कारंज्याचं चित्र असलेला पडदा सोडला, मोरपंखी साडीत फोटो काढला आणि लग्नाचा बायोडेटा छापून कपाटात ठेवून दिला.

एका दुपारी आमच्या प्रोजेक्टच्या सरांनी वर्गात गोष्ट सांगितली. अमेरिकेत म्हणे एका कॉलेजच्या पोराने होस्टेलच्या खोलीत बसून वेबसाइट बनवली. आधी फक्त त्याच्या कॉलेजपुरती. पोरं त्यावर एकमेकांना शोधू लागली, मग शेजारची कॉलेजं आली, मग सगळा देशच आला! पोरगा विशीत शेठ झाला आणि कॉलेज दिलं सोडून.

मी म्हटलं, त्याला जमतं तर मला का नाही? फरक तो काय? त्याला होस्टेलची खोली, मला आत्याचा दिवाण. त्याच्याकडे दिवसभर लाइट, आमच्याकडे लोडशेडिंग. फक्त ते कॉलेज सोडायचं मला जमणारं नव्हतं. मी कॉलेज सोडलं असतं तर आत्याने संध्याकाळपर्यंत मांडव घातला असता!

कारण आत्याचं आणि बाबांचं एक ठरलं होतं. मला पुढे कल्याणला एम.सी.ए. करायचं होतं. आत्या बाबांना म्हणाली, "दादा, कॉलेजच्या प्रदर्शनात हिच्या त्या प्रोजेक्टाचा पयला नंबर आला तर शिकव. नाय आला तर मे महिन्यात बार उडवायचा. बोल!"

बाबा माणूस भला, पण बहिणीपुढे विरघळणारा. म्हणाले, "बरं."

त्या एका 'बरं'वर माझं सगळं पुढचं शिक्षण टांगलेलं होतं.

मी कामाला लागले. साइटचं नाव ठेवलं 'पार'. वडाखाली पार असतो ना, जिथे बसून लोक जगाची खबर घेतात, तसा. पण पहिल्याच पायरीला अडले. माणसाचं पान बनवायचं म्हणजे त्यावर लिहायचं काय? अमेरिकेतलं ते पान मी काही पाहिलेलं नव्हतं. माणसाची थोडक्यात ओळख करून देणारा एकच नमुना माझ्या हाताशी होता. आत्याच्या कपाटातला माझा बायोडेटा!

तो समोर ठेवला आणि धडाधड रकाने पाडले. नाव, गाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, छंद, वडील काय करतात, मामाचं गाव. जात आणि आडनाव मात्र मी मुद्दाम उडवलं. म्हटलं, पारावर बसायला आडनाव कशाला लागतं? स्वतःचा फोटो म्हणून तोच टाकला, कारंज्यावाला. दुसरा होता कुठे?

आता तुम्हीच सांगा, लग्न टाळायला निघालेली पोर काय बनवून बसली होती! पण मला कुठलं दिसायला. मी आपली पान कसं भरगच्च झालंय ते बघत होते.

पुढचा शहाणपणा ऐका. सर म्हणाले, "नवीन सभासदाचं पान अगदी ओकंबोकं दिसतं. एकही मित्र नाही. तो परत कशाला येईल?" खरंच की! मी शक्कल लढवली. कुणीही सभासद झाला रे झाला, की मशीनच त्याला माझ्या नावाने निरोप धाडणार: 'सुजाता, धसई, हिला तुमच्याशी ओळख वाढवायची आहे.' आणि त्याखाली माझं अख्खं पान. फोटो, उंची, मामाचं गाव, सगळं. मशीन दिवसभर माझ्या वतीने ओळखी वाढवत बसेल आणि मी निवांत जर्नल लिहीन, असा हिशोब होता.

एसटी स्टँडाजवळ बाळूदादाचं सायबर कॅफे होतं. त्याने सगळ्या मशीनवर 'पार' उघडून ठेवलं आणि पोरं तुटून पडली. शहापूरची आली, आटगावची आली, मुरबाडचं कॉलेज आलं, डोळखांबकडची पोरं बाजाराला आली की आधी सायबरमध्ये शिरू लागली. कॉलेजात चालताना माझी मान आपोआप वर. संस्थापक म्हणजे काय चेष्टा आहे? मी आत्याला सांगितलंसुद्धा, "आत्या, माझे पाचशे मित्र झाले!"

आत्या भाकऱ्या थापत होती. दाराकडे बघून हळूच म्हणाली, "बोंबलू नको गो. शेजारी ऐकतील."

एक दिवस बाळूदादा म्हणाला, "सुजा, तुझ्या पानाची प्रिंट जाम खपते. पोरं घरी घेऊन जातात." मला वाटलं, कौतुक! मी त्याला थँक्यू म्हणाले.

आणि त्या घरी काय चाललेलं? पोरगं आईसमोर कागद धरतंय, "आये, ही बघ. हिनं स्वतःहून पाठवलंय." आई बघते. पोर शिकलेली, साडीतली, उंची बरी, बाप एसटीत, मामाचं गावसुद्धा लिहिलेलं. आणि मागणी पोरीकडून! अशी सोयरीक सोडणार कोण? बरं, बाप शोधायला लांब जायला नको. मुरबाड–शहापूर गाडीत बसलं की झालं.

बाबांना पहिल्यांदा एका काकांनी विचारलं, "काय व्याही, कधी येऊ?"

बाबांचा स्वभाव मस्करीचा. त्यांना वाटलं, गंमत चाललीय. तिकीट फाडत म्हणाले, "या की रविवारी! माझी सुट्टी असते."

दुसऱ्या दिवशी आणखी एक बाई. "मास्तर, तुमच्याकडनं निरोप आला, आमी कधी यायचं?"

"या की रविवारी!"

ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, आज सगळी गाडी तुमच्याकडं बघून हसतेय." बाबा म्हणाले, "माझा स्वभावच गोड." आठवडाभर त्यांनी चढेल त्याला रविवार देऊन टाकला.

त्या रविवारी मी धसईलाच होते. आई भात निवडत होती. बाबा बनियनवर दाढी करत होते, अर्धा गाल फेसाचा. पहिली जीप आली. मागून दुसरी. मग टेम्पो. मग आणखी जीपा. मला वाटलं, कुणाच्या तरी लग्नाचं वऱ्हाड रस्ता चुकलं. पण सगळ्यांनी आमच्याच दारात ब्रेक मारले. उतरलेल्या प्रत्येक बाईच्या हातात नारळ, प्रत्येक बाप्याच्या डोक्यावर इस्त्रीची टोपी.

बाबा फेसासकट बाहेर आले. "हे काय?"

"रविवार!" सगळे एका सुरात म्हणाले.

आईने शेजारणींना हाका मारल्या. चार घरांतली पातेली आमच्या चुलीवर आली, चहा उकळला, सगळं अंगण बसलं. आणि मग किन्हवलीकडच्या एका आजोबांनी बशी हातात धरून विचारलं, "मास्तर, आडनाव काय म्हणालात?"

बाबांनी सांगितलं. नेहमीच्या आवाजात, पुढचा स्टॉप सांगावा तसं. आजोबांनी उघड्या दारातून भिंतीकडे पाहिलं. तिथे निळ्या कोटातला फोटो, फुलांचा हार. कुणी बशीत बघतंय, कुणी चपलांकडे. पारावर आडनाव कशाला, असं मी शहापुरात बसून ठरवलं होतं, आणि इथे स्वतःच्या अंगणात माझ्या बाबांना खाली बघायला लागतंय की काय, या भीतीने मला रडू येत होतं.

बाबांनी खाली पाहिलं नाही. ते किटली घेऊन उभेच होते.

तेवढ्यात डोळखांबहून आलेल्या एका मावशींनी फुर्र करून बशी रिकामी केली. "मास्तर, अजून हाय का? आलं जाम झकास पडलंय." आणि बाकीच्यांकडे वळून म्हणाल्या, "काय रे, प्या की! गार करून कुनाला द्यायचाय?"

हळूहळू बश्या तोंडाला लागल्या. दोन जीपा वळून गेल्या, खोटं कशाला बोलू. बाकीच्या थांबल्या. आजोबाही थांबले, आणि त्यांनी दुसरा कपसुद्धा घेतला.

मग एकाने खिशातून कागद काढला. "आमच्या पोराला हे आलंय."

"आमालापन!"

"हे तर आमचं हाय!"

सगळ्या अंगणात मी! जिकडे बघावं तिकडे मोरपंखी साडी आणि मागे कारंजं. तेवढ्यात आत्याही शहापूरहून पोचली, तिने ते पाहिलं आणि मटकन ओट्यावर बसली. "दादा, मी एक छापला व्हता रे!"

मला बोलावणं आलं. मी जीव मुठीत धरून सांगितलं, "ते मी नाही पाठवलं. मशीनने पाठवलं. जो येईल त्याला पाठवतं."

"म्हंजे तुला यातला कुनीच नको?"

"नको. मला शिकायचंय."

मला वाटलं, आता नारळ डोक्यावर येतात! पण डोळखांबच्या मावशी अशा काही हसल्या की सगळं अंगण हसायला लागलं. आणि मग काय झालं माहितीय? जीपा तर आल्याच होत्या, नारळ तर फुटणारच होते. आटगावच्या काकांनी मुरबाडच्या काकूंना विचारलं, "तुमची धाकटी किती शिकली?" तिकडे आजोबा टेम्पोवाल्यांशी मामाचं गाव जुळवत बसले. दुपारपर्यंत आमच्या अंगणात तीन सोयरिकी जमल्या आणि एक म्हशीचा सौदा. जे मला मशीनवर दिसायला हवं होतं, ते डोळ्यांसमोर चाललेलं. माझा पार, जिवंत!

या सगळ्यात एक पोरगा जीपला टेकून उभा होता, लाजेने मान खाली. मावशींचा मुलगा, भरत. मी जवळून जाताना एवढंच बोलला, "तुमचं पान उघडायला जाम टाइम लागतो. फोटो लहान करा ना." दोन तालुक्यांत माझ्या साइटबद्दल बोललेला हा एकटाच. मी फोटो लहान केला आणि साइट पळायला लागली.

प्रदर्शनात बाहेरचे परीक्षक आले. जाड भुवयांचे, कडक. "याचा समाजाला उपयोग काय?" मी तोंड उघडायच्या आत आमच्या सरांनी त्या रविवारची हकीकत सांगितली. परीक्षक गंभीरपणे ऐकत राहिले. मग सर पुढच्या टेबलाकडे गेल्यावर हळूच म्हणाले, "माझा एक पुतण्या आहे. त्याला यावर टाकता येईल का?"

पहिला नंबर! बाबांनी त्या दिवशी गाडीत प्रत्येक तिकिटाबरोबर एक पेढा दिला. आत्या रुसली, पण कल्याणला जाताना माझी बॅग तिनेच भरली आणि लोणच्याची बरणी माझ्या नव्या ड्रेसात गुंडाळली.

आता इथेच थांबले असते तर मी थोर माणूस म्हणून गेले असते.

पण दोनेक वर्षांनी तो अमेरिकेतला पोरगा आपल्याकडेही आला. म्हणजे त्याची साइट. 'पार'वरची सगळी मंडळी बाडबिस्तरा उचलून तिकडे गेली आणि माझा पार ओस पडला. वाईट वाटलं, फार वाटलं. शेवटी मीही गेले. सगळी जुनी पोरं तिथे होतीच, पाचशेच्या पाचशे. आणि त्यात भरत.

मी बराच वेळ ते नाव बघत बसले. मग मैत्रीच्या विनंतीचं बटण दाबलं. मशीनने नाही, मी. स्वतःच्या बोटाने. एवढी वर्षं हे बटण इतरांसाठी बनवणारी मी, त्या दिवशी पहिल्यांदाच ते स्वतःसाठी दाबत होते.

दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी भरतचा खासगी निरोप आला: "आई विचारतेय, या वेळी पोरीनं पाठवलीय का परत मशीननं? नक्की असेल तरच जीप सांगते."

माझा आनंद काय सांगू! मी तिथल्या तिथे टाइप केलं, "मीच पाठवलीय. नक्की. जीप सांगा!" आणि पाठवून दिलं.

पाठवल्यावर चष्मा पुसून नीट पाहिलं. गडबडीत मी ते निरोपात लिहिलंच नव्हतं. माझ्याच भिंतीवर लिहिलं होतं. सगळ्यांना दिसेल असं. पाचशेच्या पाचशेंना.

पुसून टाकेपर्यंत खाली आटगावहून विचारणा आली होती, "कुनाला सांगता? आमाला का?"

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मुरबाड–शहापूर गाडीत, चढणारा प्रत्येक जण बाबांना विचारत होता, "मास्तर, परत यायचं म्हनतात?"

बाबांना काहीच माहीत नव्हतं. तिकीट फाडत म्हणाले, "या की रविवारी!"